मोठ्या टाकीत

पिशवीत सात श्रिंप होते, काचेच्या टाकीत पाळतात ती बारीक कोळंबी, सगळे मातकट. पिशवीला रबर घरून निघताना मीच लावलं होतं. आत मॉस या पाणवनस्पतीचा एक झुपका टाकला होता, रिक्षात पाणी हिंदकळलं तर त्यांना धरायला काहीतरी असावं म्हणून. दुकानदाराने पिशवी ट्यूबलाइटसमोर धरली, एकदा गोल फिरवली आणि म्हणाला, "साहेब, हे वाइल्ड मारतायत, रानातल्यासारखे. कोण घेणार?" मी म्हटलं, पैसे नकोत, नुसते ठेवून घ्या, माझ्या टाकीतला रंग बिघडतोय. "द्या मग," म्हणाला. त्याने रबर काढलं, पाणी जाळीतून बादलीत ओतलं आणि ती जाळी शेजारच्या टाकीवर उपडी केली. ऑस्करची टाकी होती ती. हाताच्या पंजाएवढे दोन मासे. किती वेळ लागला ते मी मोजलं नाही, पण मॉसचा झुपका तळाला टेकायच्या आत सगळं आटोपलं होतं. दुकानदाराने हात पँटला पुसले. "अजून काय देऊ?" मी सवयीने खाद्याची एक डबी घेतली, पैसे दिले आणि निघालो.

घरी लेकीने दारातच विचारलं, "घेतले त्यांनी? कुठे ठेवले?"

"मोठ्या टाकीत सोडले," मी म्हणालो. खोटं नव्हतं.

हे श्रिंपप्रकरण घरात आलं दोन वर्षांपूर्वी. कुर्ल्याहून दहा चेरी श्रिंप घेतले होते. दुकानात काळ्या वाळूवर ते डाळिंबाचे दाणे सांडल्यासारखे दिसत होते. पिशवी मांडीवर घेऊन लोकलने ठाण्याला आलो, घरी उजेडात पाहिलं तर दाण्यांचा रस कोणीतरी पिऊन टाकलेला. काचेसारखी अंगं आणि त्यांवर कुठे कुठे गुलाबी पुसट डाग. बायको म्हणाली, "दहा आहेत? मला तर नुसतं पाणी दिसतंय." दुकानदाराने हातोहात फसवलं असं मला वाटलं. टाकीत सोडले तसे ते कोपऱ्यात, फिल्टरच्या स्पंजमागे जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी चार-पाच जणांच्या पाठीवर थोडी लाली आली. तिसऱ्या दिवशी सकाळी ब्रश तोंडात धरून टाकीसमोर उभा राहिलो, तर डाळिंबाचे दाणे परत आले होते.

यात जादू काही नाही. त्यांच्या कवचाखालच्या कातडीत रंगाच्या पेशी असतात, फांद्या फुटलेल्या चांदण्यांसारख्या. रंगाचे बारीक कण त्या फांद्यांमध्ये पसरले की अंग रंगीत दिसतं, आणि सगळे आवरून मधोमध गोळा झाले की फिकं. पसरायचं की आवरायचं याचा निरोप संप्रेरकं नेतात, आणि ती सुटतात डोळ्यांच्या देठांमधून. डोळ्यांनी जे पाहिलं ते अंगावर यायला फार लांबचा प्रवास नाही. आपण माणसांबद्दल म्हणतो, चेहरा उतरला, पांढराफटक पडला, लालबुंद झाला. माझी आई तर फोनवरच्या आवाजावरूनही 'चेहरा का उतरलाय' असं विचारते. श्रिंपच्या बाबतीत हे वाक्प्रचार राहत नाहीत, साधं वर्णन होतं. पिशवीत घुसमटले, लोकलचे धक्के खाल्ले, पाणी बदललं, आणि ते खरंच उतरले.

हे कळल्यावरही पहिली चूक व्हायची ती झालीच. टाकीतली काळी वाळू बायकोला आवडत नव्हती. "अंधारकोठडी केलीये नुसती," असं दोन-तीनदा कानावर आल्यावर मी एका रविवारी पांढरी शुभ्र खडी आणून घातली. टाकी उजळली, आणि आठवडाभरात श्रिंप विटले. धुऊन धुऊन विटलेल्या परकराचा लाल रंग असतो ना, तसे. खाणं तेच, पाणी तेच, पण पायाखाली पांढरं लख्ख. पांढऱ्यावर लाल असणं म्हणजे 'या, मला खा' असं सांगणं, आणि घरच्या टाकीत खाणारं कोणी नाही ही बातमी त्यांच्या डोळ्यांच्या देठांपर्यंत पोचलेली नव्हती. पुढच्या रविवारी मी पुन्हा खाली बसून चहाच्या गाळणीने खडी उपसली, काळी वाळू घातली, मागे स्टेशनरीच्या दुकानातला काळा चार्ट पेपर चिकटवला. बायको काही बोलली नाही. पण अजूनही कोणी टाकीचं कौतुक केलं की ती म्हणते, "लाइट लावलात की दिसेल."

आई गुहागरकडची. ती राहायला आली तेव्हा टाकीसमोर खुर्ची ओढून बराच वेळ बसली आणि मग म्हणाली, "शिजलेली कोळंबी हिंडतेय कशी रे?"

मला आधी हसू आलं आणि मग तो प्रश्न डोक्यातून जाईना. कारण बरोबरच होतं तिचं. आमच्या घरात कोळंबी लाल होणं म्हणजे कोळंबी झाली. लहानपणी ओट्यापाशी उभा राहून मी तेवढंच बघायचो. कढईत लसूण, हळद, तिखट पडलेलं, त्यात सोललेली आणि काही शेपटीसकट ठेवलेली राखाडी, किंचित निळसर कोळंबी. ती पडली की चर्र आवाज, आणि आई उलथनं फिरवेपर्यंत एकेक तुकडा वळायला लागायचा, कडेने आधी नारिंगी, मग सगळाच. "लाल झाली की उतरवायची, नाहीतर रबर," हे तिचं वाक्य. मला वाटायचं हा रंग तिखटाचा. पुष्कळ वर्षांनी कळलं की तो कोळंबीचाच असतो आणि जिवंतपणीही आतच असतो. अॅस्टाझँथिन नावाचं ते रंगद्रव्य, गाजराच्या केशरी रंगाच्या नात्यातलं, लाल-नारिंगी. जिवंत कोळंबीत त्याला प्रथिनांनी घट्ट मिठी मारलेली असते, आणि त्या मिठीत ते निळसर-राखाडी दिसतं. कढईतल्या आचेने प्रथिन उलगडतं, मिठी सुटते आणि आतला लाल बाहेर पडतो. चेरी श्रिंपच्या अंगात हा लाल न शिजताच मोकळा वावरतो. माणसांनी पिढ्यानपिढ्या निवडून निवडून तसा तो करून घेतला. आईला हे सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे आयतं शिजलेलंच की." तिने त्यानंतर जेवायला टाकीकडे पाठ करून बसायला सुरुवात केली.

बरं, हे द्रव्य त्यांना स्वतःला मुळापासून बनवता येत नाही. शेवाळात असतं, शेवाळ खाऊन त्याच्या जातीचा कच्चा माल मिळतो आणि त्यातून अंगाला लागेल तो रंग ते घडवून घेतात. ऐरोलीच्या पुलावरून खाडीत फ्लेमिंगोंची गुलाबी पट्टी दिसते तीही अशीच उसनवारीची. शेवाळ आणि बारीकसारीक कवचधारी पोटात गेले तर गुलाबी, नाही गेले तर पिसं पांढरट. म्हणून दुकानात 'कलर फूड'च्या डब्या असतात. मीही आणल्या. त्याच्या जोडीला उकडून मऊ केलेलं पालकाचं पान, सोसायटीतल्या देशी बदामाची वाळकी पानं. बदामाच्या पानाने पाणी चहाच्या दुसऱ्या उकळीसारखं तपकिरी होतं आणि त्यात लाल रंग फार खोल दिसतो. पण अनुभवाने सांगतो, डबीवर काहीही छापलेलं असो, खाद्य फक्त असलेला लाल तेजवतं. नसलेला आणत नाही.

मे महिन्यात पाणी एकतिसाला गेलं. टाकीवर कॉम्प्युटरमधला जुना पंखा बसवला, गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या आलटून पालटून तरंगत ठेवल्या, तरी तिघे गेले. त्यातला एक आधी पांढरा झाला होता. तेव्हा पहिल्यांदा फिकं पडणं आणि पांढरं होणं यांतला फरक कळला. फिका पडलेला श्रिंप काचेसारखा असतो, त्याच्या आरपार मॉस दिसतं, तो खात असतो, फिरत असतो. हा दुधाळ झाला होता. शेपटीकडचं मांस शिजलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखं घट्ट अपारदर्शक, आणि ती घट्टी रोज थोडी पुढे सरकत होती. ते आतलं मांस मरत असतं, रंगाचा त्याच्याशी संबंध नाही. त्याला वेगळ्या वाटीत काढून ठेवला. दोन दिवस जगला.

याच्या उलटही घडतं. एकदा लेक शाळेतून आली ती किंचाळलीच, सगळ्यात मोठी मादी मेली म्हणून. वाळूवर अख्खा श्रिंप आडवा पडलेला, मिशा, पाय, डोळ्यांच्या टोप्या सगळं जागच्या जागी, रंग मात्र शून्य. भूत. मी पळीने उचललं तर त्याला वजनच नव्हतं. कात होती ती. मालकीणबाई मॉसच्या मागे नव्या कवचात, ओल्या आणि झगझगीत लाल. रंग कवचाखालच्या कातडीत असतो, कवच आपलं काचेचं जाकीट. आमच्या नळाला तलावाचं मऊ पाणी, कात टाकायला चुना पुरत नाही असं वाटून गुहागरच्या किनाऱ्यावरून आणलेला समुद्रफेसाचा, म्हणजे माकुळाच्या हाडाचा, तुकडा मी टाकीत घालून ठेवला होता. लेकीला म्हटलं, कात काढू नकोस, तेच खातील ती. तिला ते जरा विचित्र वाटलं. "स्वतःचेच कपडे?"

लाल रंगालाही दर्जे असतात हे मला या नादात कळलं. चेरी, त्यावर साकुरा, त्यावर फायर रेड, त्यावर पेंटेड फायर रेड, ज्यात पायसुद्धा लाल पाहिजेत. पायातून आरपार दिसलं की भाव पडला. नर बहुतेक फिकेच, कितीही चांगल्या घराण्यातला असो. पक्ष्यांमध्ये नटायचं काम नराकडे, इथे ते बायकांकडे. एका दुकानात मी माणसांना भिंग घेऊन टाकीसमोर बसलेलं पाहिलंय. तेव्हा मला माझ्या आत्याची आठवण झाली होती. आजोबांनी तिच्यासाठी लिहिलेलं एक पोस्टकार्ड घरच्या ट्रंकेत आहे, न पाठवलेलं. त्यात 'वर्ण' या शब्दापुढे 'सावळा' लिहून खोडलंय, वर 'गव्हाळ', तेही खोडून 'निमगोरा'. टाकीतला हिशोब उलटा, इथे गडद ती भारी. पण भिंग तेच.

निळे श्रिंप मी का आणले याचं धड उत्तर माझ्याकडे नाही. दुकानात दिसले, निळ्या शाईच्या थेंबासारखे, आणि लेक म्हणाली 'एकत्र किती छान दिसतील'. दिसलेही. तीन-चार महिने आमची टाकी रंगपंचमी होती. मला अंधुक आशा होती की यांची पिल्लं जांभळी होतील. निळ्या मादीच्या पाठीवर पिवळसर खोगीर दिसायला लागलं, म्हणजे अंडी तयार होत होती. मग ती पोटाखाली आली, पंचवीसेक असतील, आणि मादी सारखी पोटाखालच्या पायांनी त्यांना वारा घातल्यासारखी हलवत बसायची. साधारण महिन्याने पिल्लं दिसली, दोन मिलिमीटरची, आईबापांचीच तंतोतंत छोटी प्रत. त्यांचा रंग कळायला दीड-दोन महिने जावे लागले. जांभळं कोणीच नव्हतं. निळं नव्हतं, लालही नव्हतं. सगळी मातकट, वाळक्या पानाच्या रंगाची.

कारण शोधल्यावर स्वतःवर हसायला आलं. निळी आणि लाल ही दोन वेगळी कुळं आहेतच कुठे? दोन्ही एकाच जातीचे, निओकॅरिडिना डेव्हिडी. १९०४ मध्ये बुव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्यांचं वर्णन करून नाव ठेवलं ते आर्माँ डेव्हिड या धर्मगुरूच्या सन्मानार्थ, ज्याच्यामुळे १८६९ मध्ये युरोपला पांडा ठाऊक झाला. पांडा जगभर गाजला, आणि ओढ्यातला हा बोटाच्या पेराएवढा जीव माणसांनी रंगवून विकायला घेतला. पूर्व चीन आणि तैवानकडच्या ओढ्यांत हे श्रिंप मुळात मातकट-हिरवट, ठिपक्याठिपक्यांचे असतात. कधीतरी एखादा जास्त लाल निघाला, त्याला वेगळा काढला, त्याच्या पिल्लांतली लाल तेवढी ठेवली, बाकीची काढली. दुसरीकडे कोणी असंच करत निळ्याच्या मागे लागलं. दोघांनी वेगवेगळ्या जागी गाठी मारल्या होत्या. मी त्या दोन दोऱ्या एकत्र आणल्या, एकाची गाठ दुसऱ्याने सोडवली, आणि ओढा परत आला.

शौकिनांच्या भाषेत या बाकीच्यांना काढण्याला 'कल करणं' म्हणतात. छोटा शब्द आहे, बोलताना घशात अडकत नाही. मला तो महिनाभर वापरता आला, पिशवीला रबर लावेपर्यंत.

त्या रात्री ऑस्करच्या टाकीपेक्षा जास्त मला मॉसचा तो झुपका आठवत राहिला. एवढी काळजी रिक्षातल्या खड्ड्यांची. आणि गुहागरच्या घरामागचा पऱ्या आठवला. मे महिन्यात त्यात घोट्याएवढं पाणी उरायचं. आम्ही पोरं पालथी पडून झिंगे शोधायचो. झिंगा दिसायचा नाहीच, आधी दिसायची त्याची सावली. तळाच्या दगडावर एक बारीक रेघ सरकायची, आणि त्या रेघेच्या वर बघत राहिलं की पाण्यातच दोन काळे ठिपके, डोळे, लटकलेले. मग हळूहळू मधलं अंग जुळायचं, मिशा, पोटातली हिरवी रेघ. ओंजळ आणायच्या आधीच तो उलटा उडी मारून गायब. इतक्या मेहनतीने दिसणाऱ्या गोष्टीला आम्ही कधी बिनरंगी म्हटल्याचं मला आठवत नाही. त्याला काही म्हणावं असंच वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उरलेले मातकट मोजले. अकरा होते. गच्चीत जुना पिठाचा प्लास्टिकचा डबा पडला होता, वीसेक लिटरचा. तो घासून, उन्हात ठेवून, खिडकीखाली सावलीत लावला. स्पंज फिल्टर, मॉस, दोन बदामाची पानं, समुद्रफेसाचा अर्धा तुकडा. बायकोने विचारलं, "हे काय आता?" म्हटलं, तात्पुरतं. त्याला आता आठ महिने होतील. पाहुण्यांना तो डबा कोणी दाखवत नाही. पण रात्री दिवे मालवल्यावर मोबाइलचा टॉर्च वरून तिरका धरला की पाहण्यासारखं असतं. पाठीवर एक फिकट पट्टा, दोन्ही बाजूंना शेवाळी ठिपके, कोणाचे तपकिरी, कोणाचे जवळजवळ काळे, दोन सारखे नाहीत. पानावर बसले की पान, मॉसवर बसले की मॉस. पोटाखालची अंडी लाल मादीत नीट मोजता येत नाहीत, यांच्यात हिरवट मण्यांसारखी एकेक दिसतात, शेवटी शेवटी तर त्या मण्यातले डोळेसुद्धा. आई पुन्हा आली तेव्हा डब्यात डोकावून म्हणाली, "हां, ही कच्ची." तिच्या आवाजात पसंती होती.

खरं सांगायचं तर हॉलमधली लाल टाकी मला अजूनही आवडते. ऑफिसातून आल्यावर आधी तिकडेच नजर जाते. निळे मी एका ओळखीच्या मुलाला देऊन टाकले, नीट चौकशी करून, त्याच्याकडे ऑस्कर नाहीत ना ते विचारून. लाल टाकीत आता फक्त लालच आहेत, आणि एखादं पिल्लू फिकं वाटलं की मी अजूनही काचेला नाक लावून ते मोठं होण्याची वाट बघतो, नर आहे म्हणून फिकं आहे की मूळचंच फिकं आहे. सवय गेलेली नाही. फक्त जाळी उचलत नाही.

गेल्या रविवारी डब्यातलं पाणी बदलत होतो. लेक शेजारी उकिडवी बसून टॉर्च धरून होती. डब्यातल्यांची आता नातवंडं झाली आहेत, नखाच्या कोरीएवढी. "बाबा, ही बघ," ती म्हणाली. बदामाच्या पानाच्या कडेला, सगळ्या मातकट भावंडांमध्ये, एक लाल. पुसट नाही, डाळिंबाच्या दाण्याचा लाल. आजीआजोबांकडून दबून आलेली गाठ दोन्हीकडून एकाच पिल्लाला मिळाली की असं होतं, हे मला माहीत होतं. तरी हातातला मग तसाच राहिला.

"ही वेगळी झाली," लेक म्हणाली. मग थोडा वेळ गप्प राहून, टॉर्च न हलवता, "हिला आता काढायची? त्या दुकानातल्या मोठ्या टाकीत?"

पाण्याची नळी बादलीत वाहत होती. मी नळीचं तोंड बोटाने दाबलं. म्हटलं, "नको. आणि ते सात जण... त्या टाकीबद्दल तुला एक सांगायचंय." तिने टॉर्च पाण्यावरून काढून माझ्या तोंडावर धरला.